टाकीवरचा सूर्य मंद करताना

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. गेल्या एप्रिलातल्या अशाच एका गुरुवारी मी कोल्हापूरला होतो. सकाळी गेलेली वीज दुपारी आली. संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "मासे ठीक आहेत रे, पण टाकी आज फार लख्ख दिसतेय. मांडवातल्यासारखी." मी कामात होतो, ते मनावर घेतलं नाही. रविवारी दुपारी घरी आलो. खडकावरची मश्रूम प्रवाळं एरवी दिवसा चहाच्या बशीएवढी पसरलेली असतात. ती शर्टाच्या गुंडीएवढी आक्रसली होती. कडा आत वळलेल्या, जांभळा रंग उडून दुधाळ झालेला. दिव्याच्या छोट्या पडद्यावर आकडा होता १००. मी तो ३० वर ठेवून गेलो होतो. वीज जाऊन आल्यावर दिव्याने माझी मांडणी पुसून कारखान्याची मूळ मांडणी उचलली होती आणि चार दिवस, रोज दहा तास, तो पूर्ण ताकदीने तळपत होता.

त्या मश्रूमपैकी दोन गेली. उरलेल्यांना सावरायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत प्रवाळांच्या टाकीवरच्या दिव्यांबद्दल हाताला लागेल ते वाचलं, ज्यांच्या टाक्या दहा-पंधरा वर्षं जुन्या आहेत अशांकडे जाऊन बसलो, एक मोजमापाचं यंत्र उसनं आणून टाकीचा कोपरा न् कोपरा मोजला. माझं मत आधीच सांगून टाकतो. पुरेसा प्रखर दिवा मिळवणं ही आता अडचण उरलेली नाही. तो ताब्यात कसा ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे. दिवे निवडण्याची चर्चा मात्र अजून वॉट आणि रंगाभोवतीच फिरते.

एवढा प्रकाश लागतो कशाला, इथून सुरुवात करू. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचं पोट मुख्यतः चालतं ते त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर. झूझँथेली हे त्याचं रूढ नाव. शैवाल प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा आणि प्राण्याने टाकलेलं नत्र मिळतं. या शैवालात हरितद्रव्याच्या जोडीला पेरिडिनिन नावाचं तांबूस रंगद्रव्य असतं. दोन्ही मिळून निळ्यापासून हिरवट-निळ्यापर्यंतचा प्रकाश उत्तम टिपतात. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं आणि निळा सर्वांत खोल जाऊ देतं, म्हणजे समुद्रात जे उरतं तेच या शैवालाच्या कामाचं. प्रवाळांच्या टाक्या निळ्या दिसतात त्याचं मूळ इथे आहे. तांबड्याचा अतिरेक तर बाधतोही: स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर नेदरलंड्सच्या संशोधकांनी प्रयोग केले आणि निव्वळ तांबड्या प्रकाशाने त्याची तब्येत बिघडते, असं २०१४ साली प्रसिद्ध केलं.

प्रकाश मोजायचं इथलं माप वॉट किंवा लुमेन नव्हे. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. छंदातले लोक त्याला 'पार' म्हणतात, मीही तेच म्हणतो. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उघड्या उन्हात पार साधारण २००० असतो. हा आकडा ऐकून नवखा माणूस मोठा दिवा घेतो आणि तिथेच फसतो. प्रकाश वाढत गेला की शैवालाचं कामही वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. बऱ्याच प्रजातींत २०० ते ४००च्या आसपास काम शिगेला पोचतं. त्यापुढचा प्रकाश वापरला जात नाही, तो उष्णतेच्या रूपाने वाटेला लावावा लागतो. तेवढीही क्षमता संपली की पेशींत घातक ऑक्सिजन साचतो आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढू लागतं. रंग जातो, पांढरा सांगाडा किंवा दुधाळ मांस उरतं.

१९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, ती समुद्र तापल्यामुळे. पण पाणी गरम असताना ऊन किती पडतं, याचाही त्यात हात असतो. त्याच पाण्यात कपारीतल्या, सावलीतल्या प्रवाळांना कमी झळ बसते. घरच्या टाकीलाही हेच लागू आहे. मे महिन्यात पाणी २९ अंशांवर गेलं की त्या आठवड्यात दिवा चौथाईने कमी करावा, हे मी आता नियमाने पाळतो. पाणी गार करणारा चिलर नसलेल्या घरात एवढं तरी हातात असतं.

प्रकाश कमी-जास्त झाल्याची खूण ओळखताना हमखास चूक होते. प्रकाश कमी पडला की प्रवाळ जास्त शैवाल साठवतं आणि तपकिरी होतं. जास्त झाला की फिकट होतं, आक्रसतं. फिकट प्रवाळ पाहून पुष्कळ जण त्याला 'ऊन कमी पडतंय' म्हणून आणखी वर सरकवतात. माझ्या मित्राने त्याच्या लेदर कोरलवर हाच उपाय केला होता. झोआ (झोअँथिड प्रवाळं) उंच देठ काढून वर ताणू लागल्या तर त्यांना प्रकाश हवा आहे. पांढुरक्या होऊन मिटल्या तर सावली हवी आहे. हे दोन्ही बदल दिसायला दिवस लागतात आणि भरून यायला आठवडे, त्यामुळे हात आवरून बसणं भाग असतं.

प्रकाश मंद होण्याचं नैसर्गिक उदाहरण आपल्याकडेच आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळं आहेत. त्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यामुळे दोन-तीन मीटरवरच उजेड मवाळ होतो आणि तिथे तग धरणाऱ्या प्रजाती त्या मवाळ उजेडाला सरावलेल्या असतात. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर पाणी नितळ. तिथे वीसेक मीटर खोलीवरही प्रवाळं जोमाने वाढतात. कोकणावरचा सूर्य एकच, तरी एका ठिकाणी तो गाळाने मंद होतो, दुसऱ्या ठिकाणी खोलीने. म्हणून 'प्रवाळाला किती प्रकाश लागतो' या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. टाकीतल्या अनुभवावरून मश्रूमसारख्यांना ५० ते १००, लेदर कोरल आणि झोआंना ७५ ते २००, फांद्यांच्या ॲक्रोपोरांना २५० ते ४०० एवढा पार मानतात, पण तो विशिष्ट तुकडा आधी कुठल्या उजेडात वाढला यावर पहिले दोन महिने ठरतात.

इथे कायद्याचं बोलायला हवं, कारण दिव्याची निवडही त्यावर अवलंबून आहे. भारतात २००१ सालापासून सर्व कठीण, खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्यातच. ती समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसाला परवानाधारक विक्रेत्याकडून टाकीत वाढवलेला ॲक्रोपोरा घेता येईल. पुण्या-मुंबईतल्या माणसाने तो विचार सोडावा. माझ्याकडची मश्रूम एका मित्राच्या टाकीत वाढलेल्या गठ्ठ्याचे तुकडे आहेत. आपल्याकडच्या टाकीत जे कायद्याने बसतं, ते बहुतेक मऊ आणि मध्यम उजेडाचं. तरीही परदेशी टाक्यांची छायाचित्रं पाहून ॲक्रोपोराचा दिवा मश्रूमवर लावला जातो. अशा घरात मंद करण्याची सोय ही चैन नाही, पहिली गरज आहे.

दिव्यांचा इतिहास सूर्यापासून सुरू होतो. जाकार्तामधल्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतलं ऊन एवढ्यावर समुद्री टाकी चालवली आणि १९६१ साली त्याबद्दल लिहिलं. विषुववृत्ताशेजारी राहणाऱ्याला ते शक्य होतं. बर्लिनच्या हिवाळ्यात ते जमणार नव्हतं. डीट्रिख श्ट्यूबर आणि त्यांच्या बर्लिनकर सोबत्यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत जिवंत खडक, फेस काढणारं यंत्र आणि डोक्यावर मेटल हॅलाइड अशी जी पद्धत बसवली, तीच पुढे बर्लिन पद्धत म्हणून जगभर गेली. कठीण प्रवाळं घरात वाढू शकतात, हे त्यातून सिद्ध झालं.

मेटल हॅलाइड आपल्याला स्टेडियममुळे आणि कापडाच्या मोठ्या दुकानांमुळे माहीत आहे. स्फटिककाचेच्या छोट्या नळीत पारा आणि धातूंचे क्षार असतात; दोन टोकांत विजेची ठिणगी सतत पेटती ठेवली जाते आणि क्षारांची वाफ झळाळते. १५०, २५०, ४०० वॉट हे नेहमीचे आकार. ६५०० केल्विनचा दिवा पिवळसर पांढरा, १०००० चा स्वच्छ पांढरा, २०००० चा गडद निळा. निळा दिवा पाहायला सुंदर, पण त्याच वॉटमध्ये पार कमी देतो. या बाबतीत अंदाजांचं राज्य संपवलं ते पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी. त्यांनी वर्षानुवर्षं एकेक बल्ब वेगवेगळ्या चोकवर लावून वर्णपट आणि पार मोजले आणि आकडे सर्वांसाठी छापले. त्यातून ठळकपणे पुढे आलं की बल्ब तोच असला तरी चोक बदलला की प्रकाशही बदलतो आणि रंगही. म्हणजे २५० वॉट ही छापील संख्या फार थोडं सांगते. माझ्या मते या छंदात सर्वांत मोलाचं काम कुणी केलं असेल तर ते या मोजमापांनी.

मेटल हॅलाइडचा उजेड पाण्यावर जी थरथरती जाळी उमटवतो, तिला अजून तोड नाही. पण आपल्या घरात तो नांदवणं कठीण. २५० वॉटचे दोन दिवे, चोकमधला अपव्यय धरून, नऊ तासांत पाच युनिटच्या वर जातात आणि त्यातली बरीच उष्णता पाण्यात उतरते. मग चिलर, त्याची वीज वेगळी. बल्ब पेटून पूर्ण रंगावर यायला काही मिनिटं घेतो. वीज क्षणभर गेली तरी विझतो आणि गार झाल्याशिवाय, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा पेटत नाही. दोन्ही बाजूंनी खोबणीत बसणाऱ्या बल्बपुढे अतिनील किरण अडवणारी काच लागतेच. ती फुटली आणि दिवा तसाच चालवला तर एका दिवसात टाकी जळते.

टी-५ नळ्यांबद्दल थोडक्यात. ६० सेंटिमीटरची २४ वॉट, ९० ची ३९, १२० ची ५४. प्रत्येक नळीमागे स्वतंत्र चकचकीत परावर्तक असला तर उजेड फार समान पसरतो, फांदीखाली सावली पडत नाही. सौम्य टाकीसाठी हा अजूनही प्रामाणिक पर्याय. पण युरोपीय संघाने पाऱ्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण टी-५ नळ्या नव्याने बाजारात आणणं बंद केलं आणि चांगल्या निळ्या नळ्या शोधणं दिवसेंदिवस अवघड होणार, हे दिसतंच आहे.

मग एलईडी. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. प्रवाळ पाळणाऱ्यांच्या दृष्टीने तो शोध जणू त्यांच्यासाठीच लागला होता. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा एलईडी शैवालाला हवा तोच प्रकाश देतो आणि प्रवाळांतली चमकणारी प्रथिनंही त्याखाली हिरवी-नारिंगी उजळतात. प्रत्येक रंग स्वतंत्र कमी-जास्त करता येतो, उष्णता पाण्यात न जाता वर निघून जाते. सुरुवातीला याच दिव्यांखाली बऱ्याच टाक्या पांढऱ्या पडल्या. लोकांनी खापर एलईडीच्या 'कोरड्या' प्रकाशावर फोडलं. मला कारण साधं वाटतं: निळा प्रकाश डोळ्यांना मंद भासतो. ४०० पारचा निळा उजेड दिवाणखान्यात मवाळ दिसतो, म्हणून माणूस बटण आणखी वर नेतो. एलईडीचे दोष मान्यच आहेत. भिंगाचा कोन अरुंद असेल तर मधोमध जाळ आणि कडेला अंधार. एका बिंदूतून उजेड आल्याने फांद्यांखाली काळोख. म्हणून ९० सेंटिमीटरच्या टाकीवर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे, अर्ध्या ताकदीवर, हे मी कुणालाही सुचवेन.

आता मंद करण्याकडे येतो. यावरच सर्वांत कमी लिहिलं जातं आणि चुकाही इथेच होतात.

मेटल हॅलाइड मंद करणं शक्य आहे, पण त्याला जागा फार कमी. त्यासाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक चोक लागतो. दिवा आधी पूर्ण ताकदीवर पंधरा मिनिटं तापू द्यायचा, मगच उतरवायचा, आणि निम्म्या वॉटखाली न्यायचा नाही. कारण नळी पुरेशी तापलेली असेल तरच धातूंचे क्षार वाफेत राहतात. वीज कमी केली की ते थंड कोपऱ्यात जमून बसतात, पाऱ्याच्याच रेषा उरतात आणि रंग बिघडतो. प्रकाश वॉटच्या मानाने अधिक घटतो, बल्बची टोकंही लवकर काळी पडतात. थोडक्यात, ज्याच्याकडे मेटल हॅलाइड आहे त्याने साखळी लावून तो वर उचलावा. तेच त्याचं खरं नियंत्रण.

आपल्याकडचा खास उपाय म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. दिवा बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने मलाही सुचवलं होतं, "साहेब, बोर्डात रेग्युलेटर टाकून देतो, हवा तेवढा कमी करा." हे करू नये. रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापतो. साध्या पिवळ्या बल्बला ते चालतं. एलईडीचा ड्रायव्हर मात्र येणारी वीज कमी झाली तरी बाहेरचा प्रवाह कायम ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. रेग्युलेटर फिरवत जा: आधी काहीच फरक पडत नाही, मग दिवा लुकलुकू लागतो, मग ड्रायव्हर तापतो आणि काही दिवसांत जातो. मेटल हॅलाइडच्या तांब्याच्या चोकवर तर ठिणगीच तुटते आणि चोक जळण्याची भीती असते. पाण्याशेजारी असले प्रयोग नकोत. खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक हवा आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ हवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात शिरत नाही.

एलईडी मंद करायच्या योग्य वाटा दोन. एकीत प्रवाहच कमी करतात. ड्रायव्हरला शून्य ते दहा व्होल्टचा इशारा दिला की त्या प्रमाणात प्रवाह उतरतो. मात्र बरेच ड्रायव्हर दहा टक्क्यांच्या आसपास पोचले की एकदम विझतात, त्यामुळे 'चांदणं' जमत नाही. दुसरीत एलईडीला पूर्ण प्रवाहच देतात, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून. चालू राहण्याचा वेळ अर्धा केला की प्रकाश अर्धा. या वाटेने रंग ढळत नाही आणि अगदी एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरता येतं. फोनने चित्रण करताना पट्टे दिसतात, ती याची ओळख. पहिल्या वाटेचा एक मोठा फायदा मात्र विसरू नये. कमी प्रवाहावर एलईडी प्रत्येक वॉटमागे जास्त प्रकाश देतो. प्रवाह निम्म्यावर आणला तर प्रकाश निम्म्याहून थोडा जास्तच राहतो, शिवाय दिवा गार राहतो, पंखा शांत होतो, आयुष्य वाढतं. कायम ९५ टक्क्यांवर धावणाऱ्या लहान दिव्यापेक्षा ५० टक्क्यांवर चालणारा मोठा दिवा म्हणून बरा, फक्त तो चुकून १०० वर गेला तर काय होईल याचा विचार आधी करून ठेवायचा.

फोनवरची सरकपट्टी ५० दाखवते म्हणून पार अर्धा झाला असं धरू नका. माझ्या दिव्यात ५० टक्क्यांवर पार पूर्णाच्या ४० टक्के निघाला. आणि मंद करताना सगळे रंग सारख्या प्रमाणात उतरवा. पुष्कळ जण पांढरा कमी करून निळा तसाच ठेवतात. डोळ्यांना टाकी बरीच अंधारलेली वाटते, पार मात्र जेमतेम हलतो, कारण बहुतांश पार निळ्यातूनच येत असतो.

म्हणूनच मोजणं आलं. फोनमधला लक्स मोजणारा ॲप इथे दगा देतो. लक्स हे माणसाच्या डोळ्यांचं माप, हिरव्या-पिवळ्याला झुकतं. सूर्यप्रकाशात लक्सला सुमारे ५४ने भागलं की पार मिळतो. गडद निळ्या दिव्याखाली तो हिशेब पूर्ण कोसळतो आणि आकडा खऱ्यापेक्षा खूप कमी येतो. अमेरिकेत युटा राज्यातल्या अपोजी कंपनीचे पाण्यात बुडवायचे मीटर छंदात प्रमाण मानले जातात. महाग आहेत, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा. टाकी वर्षातून दोनदाच मोजावी लागते.

माझी टाकी ६० सेंटिमीटर लांब. दिवा पाण्यापासून २० सेंटिमीटरवर होता, मश्रूम पाण्याखाली २५ वर, म्हणजे एकूण अंतर ४५. उसना मीटर खडकावर टेकवून दिवा १०० टक्क्यांवर नेला, आकडा आला ३१०. त्या चार दिवसांत मश्रूमनी हे सोसलं होतं. मग लाकडी चौकटीला दोन हुक मारले आणि दिवा पाण्यापासून ४० सेंटिमीटरवर नेला. अंतर ६५ झालं आणि पार १५० वर आला. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, हे शाळेतलं सूत्र इथे जवळपास तंतोतंत उतरलं. टाकीच्या काचा आणि भिंगं मध्ये आली की ते एवढं नेमकं उतरेलच असं नाही. उंचीमुळे थोडा उजेड खोलीत सांडतो, पण मधला जाळ पसरतो आणि कोपरेही उजळतात.

उंचीच्या जोडीला जाळी. खिडकीला लावतो ती मच्छरजाळी टाकीच्या मापाने कापून तीन-चार घड्या वरच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार पत्र्यावर अंथरायच्या आणि दर चार-पाच दिवसांनी एक घडी काढायची. जुना मेटल हॅलाइड बदलून नवा लावताना पाश्चात्त्य छंदिष्ट हेच करत आले आहेत, कारण वर्षभरात जुना बल्ब हळूहळू उतरलेला असतो आणि नव्याचा झटका प्रवाळांना बसतो. नव्या एलईडीलाही हाच उपाय चालतो. मी पहिली घडी काढली त्या दिवशी संध्याकाळी मश्रूमच्या कडा किंचित वळल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा उलगडल्या. दुसरी घडी काढताना वळल्याच नाहीत. सरकपट्टीनेही हे जमतं, बहुतेक चांगल्या दिव्यांत सरावाची मांडणी असते, ती तीन-चार आठवड्यांत टक्के आपोआप वाढवते. पण ती दिव्याच्या आठवणीत असते.

वेळ कमी करणं हा तिसरा मार्ग, आणि त्याला मर्यादा आहे. प्रवाळाला दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश मोजता येतो. २०० पार दहा तास दिला तर दर चौरस मीटरला ७.२ मोल होतो. तोच दिवा दोन तासांत चढला, सहा तास पूर्ण राहिला आणि दोन तासांत उतरला तर ५.७६ मोल. मंद उजेडात हा हिशेब उपयोगी पडतो: १०० पारचे दहा तास आणि २०० पारचे पाच तास जवळपास सारखेच. पण शैवालाची मर्यादा ओलांडली की हिशेब मोडतो. ६०० पार तीन तासच दिला म्हणून नुकसान टळत नाही. ते पहिल्या तासातच सुरू होतं. म्हणून आधी माथ्याचा आकडा बसवावा आणि मग तास ठरवावेत. पहाट-सांज सावकाश करण्याचा फायदा मला प्रवाळांपेक्षा माशांत जास्त दिसतो. झटकन दिवा लागला की माझा गोबी मासा वाळूत घुसायचा. आता अर्ध्या तासाच्या निळ्या पहाटेत तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो.

नवीन दिवा घेताना मी आता दुकानात तीनच गोष्टी विचारतो. माझ्या टाकीच्या मापावर, पाण्याखाली, कोपऱ्यातला पार किती? सर्वांत खाली किती टक्क्यांपर्यंत न विझता उतरतो? आणि वीज जाऊन आली की तो कुठल्या आकड्यावर परत येतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना येत नाही. तेव्हा मी दिवा तिथेच ३० टक्क्यांवर लावतो, प्लग काढतो, दहा मिनिटं थांबतो आणि पुन्हा लावतो. घड्याळाला छोटी बॅटरी असलेले दिवे वेळ आणि मांडणी दोन्ही राखतात. नसलेले रात्री अकराला दुपार सुरू करतात. घरात इन्व्हर्टर असला तरी ही परीक्षा घ्यावी, कारण इन्व्हर्टरवर जाण्याच्या क्षणीही काही दिवे पुसले जातात.

माझा दिवा मी बदललेला नाही. तो अजूनही विसरतो. पण आता तो ४० सेंटिमीटरवर टांगलेला आहे, खाली मच्छरजाळीची एक घडी कायमची आहे, आणि त्यामुळे तो १०० वर गेला तरी मश्रूमपर्यंत १२० च पोचतं. रोजची मांडणी मी ६० टक्क्यांवर ठेवली आहे. मागच्या गुरुवारी पुन्हा वीज गेली, साडेचारला आली आणि दिवा पूर्ण ताकदीने लागला. मी ऑफिसातून सातला घरी पोचलो. आईने तोवर पडद्यावरचा आकडा वाचून कागदावर लिहून ठेवला होता. मश्रूमच्या कडा थोड्या उचललेल्या होत्या, रंग जागेवर होता. मी मांडणी पुन्हा ६० वर आणली आणि टाकीला जेवण घातलं.